बारा दिवस, सात शहरं आणि आठ लाख

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही लातूरचे. दोघं नवरा-बायको, मुलगी १५ ची अन् मुलगा ९ चा. पोरीची दहावी झाली की मे मध्ये युरोप करायचंय कारण जूनपासनं तिचे क्लासेस चालू झाले की दोन वर्ष हलता येणार नाही. १२ दिवसात पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, झुरिच, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम असा प्लॅन केलाय, रिटर्न तिकीट परत पॅरिसवरनं. टूर कंपनी नको, सगळं स्वतःच बुक करायचंय. बजेट ८ लाख. होईल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : ८ लाखात युरोप होईल, सात शहरं होणार नाहीत, आणि पैसे जास्तीचे असते तरी मी हेच सांगितलं असतं. १२ दिवस म्हणजे मुक्कामाच्या रात्री ११. त्यात सात शहरं म्हणजे सहा वेळा सामान बांधायचं आणि शेवटी विमानासाठी परत पॅरिस गाठायचं ते सातव्यांदा. शहर बदलायचा दिवस कसा जातो बघा, सकाळी पोरांना उठवून बॅगा भरायच्या, ११ पर्यंत खोली सोडायची, स्टेशन, गाडी, पुढच्या गावात हॉटेल शोधायचं, तिथं खोली मिळणार दुपारी ३ नंतर, म्हणजे नकाशावर तीन-चार तासाचं अंतर असलं तरी अख्खा दिवस गेलाच.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ९ दिवसात ५ शहरं केली होती. फ्लॉरेन्सला स्टेशनपासनं हॉटेल एकच किलोमीटर म्हणून टॅक्सी केली नाही, रस्ता सगळा दगडी, अर्ध्यात सासूबाईंच्या बॅगचं चाक निघालं, मग ह्यांनी ती बॅग खांद्यावर घेतली, अन् पोचलो तर खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. दुसऱ्या दिवशी आईंचे गुडघे सुजले, त्या दिवसभर खोलीतच पडून होत्या. एवढ्या लांब नेऊन त्यांना काहीच दाखवता आलं नाही ह्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून कळकळीनं सांगते, आधी रात्री वाटा, शहरं नंतर.

माझ्या मते पॅरिस ४ रात्री, स्वित्झर्लंडातलं ल्युसर्न ३, रोम ४. झालं. पॅरिसहून बाझेलपर्यंत फास्ट ट्रेन साधारण ३ तास, तिथून ल्युसर्न तासभर. ल्युसर्नहून रोमला मिलानला गाडी बदलून जावं लागतं, तो दिवस जवळजवळ प्रवासातच जाईल पण वाया नाही जाणार, खिडकीतून डोंगर अन् तळी दिसत राहतात आणि मधी ५७ किलोमीटरचा गॉटहार्डचा बोगदा लागतो (२०१६ ला चालू झाला, रेल्वेचा जगातला सगळ्यात लांब), पोराला नकाशा हातात द्या. फ्लॉरेन्सचा फारच जीव असेल तर रोमहून ट्रेननं दीड तास आहे, सामान रोमलाच ठेवून सकाळी जाऊन रात्री परत या.

विमानाचं तिकीट जाताना पॅरिस, येताना रोमहून घ्या. साईटवर 'मल्टी-सिटी' म्हणून ऑप्शन असतो तिथं बघायचं. पॅरिस-पॅरिस तिकीट दिसायला स्वस्त असेल, पण रोमहून पॅरिसला परत यायचं चौघांचं भाडं, सामानाचे पैसे अन् वर एक रात्र धरली की ती बचत कुठं राहती? आणि मुंबईचेच भाव बघू नका, हैदराबादचेही बघा, लातूरहून हैदराबाद जवळ पडतं.

आता हिशोब. हे माझे अंदाज आहेत, बुक करायच्या दिवशी खरे भाव बघाच. युरो ११० रुपये धरते. विमान माणशी ६५ हजार धरलं तर २ लाख ६०. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ च्या आतल्या पोरांना ४५, म्हणजे तुमचे तीन पूर्ण अन् एक अर्धा, ३१५ युरो, साधारण ३५ हजार, त्यात व्हिसा सेंटरचा चार्ज अन् इन्शुरन्स मिळवून ५० हजार. हॉटेल चौघांच्या खोलीला सरासरी १६० युरो रात्र धरलं तर ११ रात्रींचे १ लाख ९४ हजार. गाड्यांना ६५ हजार, जेवणाला ८५, बघायच्या ठिकाणांची तिकिटं अन् स्वित्झर्लंडातल्या एका डोंगराची सफर मिळून ७० हजार. बेरीज ७ लाख २४ हजार. उरलेल्या ७६ हजाराला हात लावू नका, त्यातनं लातूर ते विमानतळ जाणं-येणं, हॉटेलात वेगळा भरावा लागणारा सिटी टॅक्स, स्टेशनवर बॅगा ठेवायचे पैसे, अगदी टॉयलेटला लागणारी नाणी, सगळं निघतं, आणि एखादी गाडी चुकली तर रडायची वेळ येत नाही. सात शहरं धरली असती तर गाड्यांचाच आकडा दुप्पट झाला असता.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण चलन त्यांचं फ्रँक आहे, युरो नाही, अन् तिथं बाहेर जेवण फार महाग पडतं. ल्युसर्नला किचन असलेली खोली घ्या, मिग्रोस नाहीतर कोऑप ह्या तिथल्या सुपरमार्केटमधून तांदूळ-भाजी आणायची, खिचडी टाकायची. शेंगदाण्याची चटणी घरून घ्या, मोठ्या बॅगेत. दुधाचं मात्र काही नेऊ नका, बाहेरच्या देशातनं दुधाचे अन् मांसाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे, कुंथलगिरीचे पेढे निघायच्या आधीच घरात वाटून टाका.

व्हिसा ज्या देशात जास्त मुक्काम त्या देशाकडं मागायचा. तुमचं पॅरिस अन् रोम सारखंच म्हणजे आधी उतरता तो देश, फ्रान्स. अर्ज ६ महिने आधीपासनं करता येतो, मे च्या सुट्टीला अपॉइंटमेंट मिळत नाहीत म्हणून सगळे ओरडतात, तर दिवाळीचा फराळ आटोपला की कागदं काढायला बसा. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं फ्री कॅन्सलेशनचीच घ्या, अन् ज्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत ते घेऊ नका. आणि पॅरिसमध्ये लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं, तसे दिवस लावा.

प्रश्न : माझं सगळं उत्पन्न शेतीचं, सोयाबीन अन् ऊस. इन्कम टॅक्स रिटर्न कधी भरलं नाही. एजंट म्हणायलाय की व्हिसाच्या आधी खात्यात ४-५ लाख टाकून ठेवा, काम होतं. खरं आहे का? – एक शेतकरी, उदगीर

उत्तर : दादा, असं अजिबात करू नका. अर्ज बघणाऱ्याला दोनच गोष्टी पटवायच्या असतात, खर्चायला पैसा आहे आणि माणूस परत येणार आहे. महिनाभर आधी एकदम आलेली मोठी रक्कम स्टेटमेंटमध्ये लगेच डोळ्यावर येते आणि मग खरं असलेलंही खोटं वाटायला लागतं. तुमच्याकडं तर खरा पुरावा आहे. सातबारा, आठ-अ, अडत्याच्या पट्ट्या, कारखान्याची ऊस बिलं, आणि ते पैसे खात्यात जमा झाल्याच्या नोंदी, ह्यांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या अन् सोबत एक साधं पत्र जोडा की माझं उत्पन्न शेतीचं आहे, वर्षातनं दोन-तीनदाच पैसे येतात, म्हणून स्टेटमेंट असं दिसतं. पट्टी रोखीत घेत असाल तर ह्या हंगामापासनं खात्यात घ्या. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडं इन्कम टॅक्स नाही, पण रिटर्न भरून ते दाखवता येतं, चांगल्या सीएला विचारा. ह्याला एक हंगाम जास्त लागला तर लागू द्या, पुढच्या वर्षी जा पण सरळ कागदावर जा.

प्रश्न : कॅश किती न्यायची, कार्ड कोणतं? – एक ताई, बीड

उत्तर : फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून ठेवायचं कार्ड), दोन घ्या, एक तुमच्याकडं अन् एक घरच्यांकडं, एकाच पर्समध्ये नाही. कॅश दोन-तीन दिवसाच्या खर्चाएवढी पुरे, तसंही नोटा ३००० डॉलरएवढ्याच नेता येतात. साध्या क्रेडिट कार्डवर बऱ्याच बँका ३-साडेतीन टक्के वर लावतात. आणि दुकानात मशीनवर विचारलं की रुपयात घ्यायचे का युरोत, तर युरोच दाबा. रुपये दिसले की बरं वाटतं, पण रेट ते त्यांच्या मनाचा लावतात.

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर शिक्षक, वय ६२ अन् ५९. युरोप झेपणार नाही, पण एकदा तरी परदेशात दोन-तीन गावं बघायचीत. आम्हाला जमेल असं सांगा. – परभणी

उत्तर : सर, बाई, व्हिएतनाम बघा. ई-व्हिसा घरूनच निघतो, एका एंट्रीची फी २५ डॉलर, कुठं चकरा नाहीत. इथंही विमान सरळ रेषेतच घ्या, हनोईला उतरायचं, हो ची मिन्ह सिटीतनं परत निघायचं, मधी दा नांगला ४ रात्री मुक्काम ठोकायचा. होई आन तिथून ३० किलोमीटरवर आहे, जुनं बंदराचं गाव, संध्याकाळी कंदील लागतात. दा नांगहून ह्युए ह्या गावाला रेल्वेनं जा, अडीच-तीन तासाचा रस्ता हाय व्हान घाटातून समुद्राच्या कडेकडेनं जातो, ह्युएला जाताना समुद्र उजव्या हाताला येतो. हनोई ते हो ची मिन्ह मात्र रेल्वेनं जायचा विचार नको, १७२६ किलोमीटर आहे, ३० तासाच्या वर लागतात, तिथं आतलं विमान घ्या. शाकाहारी असाल तर 'चाय' (chay) हा शब्द लिहून ठेवा, तिकडं शुद्ध शाकाहारी जेवणाला तोच शब्द आहे आणि पाटीवर दिसतो. तिथल्या चलनाच्या, डाँगच्या, नोटा पाच लाखापर्यंतच्या असतात, पैसे देताना शून्यं मोजून द्या.

ई-व्हिसाच्या फॉर्ममध्ये नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका, एक अक्षर इकडंतिकडं झालं तर विमानतळावरच अडवतात. भरून झालं की एकानं पासपोर्ट वाचायचा अन् दुसऱ्यानं स्क्रीनवर बोट ठेवून ताडून बघायचं, मगच पैसे भरा.