दिवाळीत विसरलेलं पाकीट

प्रश्न : मावशी, लग्नाला दीड वर्ष झालं. वर्षभर गर्भनिरोधक गोळ्या घेतेय. हल्ली क्षुल्लक कारणावरून रडू येतं, घरच्यांवर खेकसते. नवरा बिचारा सगळं सोसतो. राखीला माहेरी गेले तर बहिणीशीही कडाडून भांडले. दिवाळीत मात्र दहा-बारा दिवस छान गेले. गोळ्यांचं पाकीट सासरीच विसरल्याची तेवढी धाकधूक होती. माहेरच्या लाडांनी बरं वाटलं असेल. हा चिडका स्वभाव कसा सुधारू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अगं, राखीला काय माहेर वेगळं होतं? आई तीच, बहीण तीच, लाडही तेच. फरक एकच. राखीला गोळ्या चालू होत्या, दिवाळीत नव्हत्या. तू ते जाता जाता लिहिलंस आणि मी तिथेच अडकले.

ही गोळी फक्त पोटात काम करते असं आपल्याला कुणीतरी शिकवून ठेवलंय. ती मेंदूलाच निरोप देते, की या महिन्यात बीज सोडायचं नाही. मग शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन घटतं आणि त्यापासून बनणारं, मेंदूला शांत ठेवणारं द्रव्यही घटतं. अमेरिकेत माकडांच्या माद्यांना बायका घेतात तसलीच गोळी देऊन पाहिली. २००४ साली निष्कर्ष आले, तेव्हा त्यांचं वागणं आणि मेंदूतली रसायनं, दोन्ही बदललेली दिसली. त्या माद्यांना ना सासर होतं, ना संसाराची काळजी. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये नैराश्याची औषधं सुरू होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे सव्वापट निघालं. बहुतेक जणींना काही होत नाही, हेही खरं. पण तुला होतंय असं तुझंच पत्र सांगतंय.

नवऱ्याचं कौतुक मला सांगू नकोस. पुरुषांसाठीच्या गर्भनिरोधक इंजेक्शनची ३२० जणांवर चाचणी चालू होती. मन बिघडण्यासारख्या तक्रारी आल्या आणि २०११ मध्ये इंजेक्शनं थांबवली गेली. तू वर्षभर गोळ्या गिळतेयस आणि सोसतो म्हणे तो!

या शनिवारी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, त्याला सोबत घेऊन. राखी आणि दिवाळी, दोन्हीच्या तारखा कागदावर लिहून ने. तिथे ‘माझा स्वभाव चिडका आहे’ हे वाक्य उच्चारायचं नाही. ‘ही गोळी मला मानवत नाही, बदलून द्या’ एवढंच म्हणायचं. तांबी आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी हार्मोन नसलेली ‘छाया’ गोळी आहे. तुला काय चालेल ते डॉक्टर तपासून ठरवतील. मधल्या काळात गोळी मनानेच बंद करायची झाली तर निरोध हवाच, आणि तो आणायला त्याने जायचं. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर मात्र शनिवारची वाट बघू नकोस, आजच डॉक्टर गाठ.

आणि बहिणीला फोन कर. पाकिटाचं तिलाही सांग.