स्मशानातला तो संवाद कोणी लिहिला?

प्रश्न : सुमारे ३० वर्षांपूर्वी कुडाळ तालुक्यातील आमच्या गावच्या जत्रेत मी दशावतारी मंडळींनी केलेले हरिश्चंद्राचे आख्यान पाहिले. मृत रोहिदासाला घेऊन स्मशानात आलेली तारामती आणि तिच्याकडे कर मागणारा हरिश्चंद्र यांचे बोलणे अजून कानांत आहे. मुंबईत पुष्कळ शोधूनही त्या नाटकाचे पुस्तक मिळाले नाही. ते कोणाचे आहे आणि कोठे मिळेल?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ते पुस्तक आपल्याला मिळणार नाही, कारण आपण ऐकलेला संवाद बहुधा कोणीही कागदावर लिहिलेला नव्हता. दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यात परंपरेने पाठ करायची संहिता नसते. त्या रात्री कोणते आख्यान लावायचे आणि कोणी कोणती भूमिका करायची हे ठरले की कथेचा सांगाडा नटांना सांगितला जातो. पुढचे सारे बोलणे नट पुराणकथांच्या आपल्या व्यासंगावर, समोरच्या नटाने टाकलेल्या शब्दाला उत्तर देत, रंगमंचावरच रचतो. आपल्या आठवणीतील स्मशानप्रसंग म्हणजे त्या दोन नटांची त्या रात्रीची निर्मिती होती, आणि दुसऱ्या गावी त्याच दोघांनी तोच प्रसंग वेगळ्या शब्दांत केला असेल.

पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास देवळापुढे उभ्या राहणाऱ्या या नाटकाला मागे एक पडदा, पुढे एक बाकडे आणि बाजूला हार्मोनियम, पखवाज व झांज एवढे पुरत असे. तेच बाकडे सिंहासन होई आणि तेच पर्वत. पूर्वरंगात गणपती, सरस्वती आणि मालवणीत बोलणारा विनोदी राक्षस संकासुर येऊन गेले की आख्यान सुरू होई व पहाटे दहीकाल्याने त्याची सांगता होई. म्हणून गावात आजही त्याला ‘धयकालो’ म्हणतात. कथा प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे पुढे काय घडणार याची उत्सुकता कोणालाच नसते. आजचा हरिश्चंद्र कर कोणत्या शब्दांत मागतो, हे ऐकायला माणसे जागतात.

माझ्याही स्मरणात अशी एक रात्र आहे. ऐन स्मशानप्रसंगात वीज गेली. तारामतीचे काम करणारा पुरुष नट क्षणभरही न थांबता म्हणाला, “नाथ, सूर्यवंशाचा दिवाच विझल्यावर या स्मशानात उजेड कोठून असणार?” पखवाजवाल्याने हलकी थाप दिली, आणि कंदील येईपर्यंत तो संवाद अंधारातच चालू राहिला. मी नंतर मोठ्या नाट्यगृहांत पुष्कळ चांगले अभिनय पाहिले, परंतु त्या वाक्याइतके काहीही मनात रुतून बसलेले नाही.

हे सामर्थ्य घराण्यातून आणि सहवासातून येते. नेरूरचे दशावतारी नट सुधीर कलिंगण यांनी वडील बाबी कलिंगण यांचा वारसा असाच पुढे नेला. २०२२ मध्ये सुधीर गेले, तेव्हा अवघा सिंधुदुर्ग हळहळला. अलीकडे ट्रिकसीनचे, म्हणजे धूर-प्रकाशाच्या करामतींचे प्रयोग आणि निरनिराळ्या मंडळांतील नटांना एकत्र आणणारे ‘संयुक्त दशावतार’ गर्दी खेचतात. त्यांतही उत्तम नट असतात, तरी धुराच्या लोटांत संवादाला उसंत मिळत नाही असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आपल्याला तो अनुभव जपायचा असेल, तर त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्यावर गावी जा. मंडळाच्या चालकांची परवानगी घेऊन नट तोंडाला रंग लावत असताना तेथे बसा, आख्यान कसे सांगितले जाते ते ऐका आणि संपूर्ण प्रयोग ध्वनिमुद्रित करा. शक्य झाल्यास त्याच मंडळाचा तोच प्रयोग दुसऱ्या गावीही मुद्रित करा, म्हणजे एकाच प्रसंगाची दोन रूपे आपल्या हाती येतील. आपल्या गावच्या त्या रात्रीचा हरिश्चंद्र अजून हयात असेल, तर मात्र जत्रेची वाट पाहू नका. आधी त्याच्या घरी जाऊन त्याला बोलते करा.