कंत्राटी आहे म्हणून गप्प बसायचं?

प्रश्न : सर, आम्ही आर्णी तालुक्यातले. पाच एकर शेती, कापूस-सोयाबीन, दीड एकर ओलित. मुलाने यवतमाळहून इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला, ६८ टक्के. वर्ष होत आलं, पुण्यातल्या एका शास्त्रीय संस्थेच्या डेटा सेंटरमध्ये ठेकेदारामार्फत टेक्निशियन आहे. दिवाळीत आला नाही, म्हणे मेंटेनन्स आहे. मी रात्री ओलिताला शेतात असतो तेव्हा फोन लावतो, तर उचलत नाही. मागच्या महिन्यात यूपीएसचं काम चालू असताना कागदावरचा ब्रेकरचा नंबर पॅनलवरच्या नंबराशी जुळत नाही म्हणून याने सगळ्यांना थांबवलं. काम चार तास लांबलं, ठेकेदाराच्या माणसाने सगळ्यांसमोर झापलं. मी त्याला सांगितलं, तू कंत्राटी आहेस, दिसलं तरी बोलू नको, मोठे साहेब पाहतील. सर, त्याने कॉम्प्युटर केलं नाही, इलेक्ट्रिकलवाल्याला तिथे काय भविष्य? ते सेंटरही सारखं बंद असते असं तोच सांगते. गावात लोक विचारतात, पोरगं काय करते? लग्नाचं पाहायचं आहे, कंत्राटी म्हटलं की पाहुणे चहा पिऊन निघून जातात. त्याला बोलावून अमरावतीला क्लास लावायचा विचार आहे. वीज कंपनीच्या भरतीचा फॉर्म मी त्याच्या नावाने भरून टाकला, त्याला अजून सांगितलं नाही. काय करावं?
– एक पालक, जि. यवतमाळ

भाऊ, नमस्कार.

मार्क, लग्न, भरती, सगळं तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत. पण मी अडलो ते एका वाक्यापाशी : ‘दिसलं तरी बोलू नको.’ बाकीचं नंतर पाहू, आधी याचं बोलू.

त्या वेळी काय चाललं होतं ते जरा सांगतो, कारण मुलाने फोनवर दोन वाक्यांत गुंडाळलेलं दिसतं. यूपीएस म्हणजे वीज गेली तरी यंत्रं बॅटरीवर चालू ठेवणारी यंत्रणा. तिची सर्व्हिसिंग करायची किंवा बॅटऱ्या बदलायच्या तर यंत्रांचा भार तेवढ्या वेळापुरता बायपासवर टाकतात. म्हणजे बाहेरून आलेली वीज सरळ यंत्रांना, मधे बॅटरीचा आधार नाही. कोणता ब्रेकर आधी पाडायचा, कोणता नंतर, हे कागदावर क्रमाने लिहिलेलं असतं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने करायचं, खूण करायची, मग पुढची ओळ. अशा वेळी भलताच ब्रेकर पडला की अख्खा हॉल बंद. कुणाचं चार दिवस चाललेलं गणित मधेच मरतं, डिस्कवर लिहिणं अर्धवट राहतं, आणि एकदम बंद झालेली शेकडो यंत्रं पुन्हा चालू करताना त्यांतली काही उठतच नाहीत. ते निस्तरायला दिवसच्या दिवस जातात. त्याच्यापुढे चार तास म्हणजे काहीच नाही. नंबर जुळत नाही हे दिसल्यावर वर्षही न झालेल्या पोराने ‘थांबा’ म्हटलं, याला तुम्ही आगाऊपणा समजलात. त्या खोलीत त्याला पगार याचाच मिळतो.

तुमच्या गावात डीपीवर चढणारा लाइनमन सबस्टेशनहून परमिट मिळाल्याशिवाय तारेला हात लावत नाही. घाई केलेल्यांचं काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको, आणि त्यांतले कितीतरी कंत्राटीच होते. परमिटवर फीडरचं नाव चुकलंय म्हणून एखादा खाली उतरला, गाव चार तास अंधारात राहिलं, तर तुम्ही त्याला शिव्या घालाल की पाणी द्याल?

जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर डिसेंबर २०२१ मध्ये काय झालं ते मुलाला एकदा वाचायला सांगा. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करायची होती. जुना चालू असतानाच त्याच्यावर नवा चढवला, आणि जुने लॉग, म्हणजे कामाच्या नोंदी, पुसण्याची आज्ञा संशोधकांच्या फायलींवर जाऊन पडली. सुमारे ७७ टेराबाइट, तीन कोटींहून जास्त फायली गेल्या. काही गटांचं काम परत मिळालंच नाही. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने चूक शंभर टक्के आपली, असं लेखी कबूल केलं. ‘जुना अजून चालू आहे, आधी थांबवायचा का?’ एवढी शंका कुणी वेळेवर काढली असती तर ती पाळी आली नसती.

ठेकेदाराच्या माणसाने झापलं ते मला समजतं, त्याचा हिशेब तासांवर असतो. मला दुसरंच जाणून घ्यायचंय. संस्थेचा जो इंजिनिअर तिथे होता तो दुसऱ्या दिवशी काय म्हणाला? पॅनलवरचं लेबल बदललं का? बदललं असेल तर तुमच्या मुलाचं नाव योग्य माणसाच्या ध्यानात राहिलं असणार. हे तुम्ही त्याला विचारलंच नाही. तो झापून घेऊन आला होता, घरून तुम्ही आणखी झापलंत. ठेकेदाराचं बोलणं तो आठवड्यात विसरेल. बापाने सांगितलेलं ‘गप्प बस’ राहतं, आणि पुढच्या वेळी नंबर जुळला नाही तर तोंड उघडण्याआधी त्याला तुमचा आवाज ऐकू येईल. मला भीती त्याच्या नोकरीची नाही, याची वाटते.

आता ‘कॉम्प्युटर केलं नाही’ हा गैरसमज. तो तुमच्या एकट्याचा नाही. इंजिनिअरिंगला मुलं पाठवणारं अर्धं विदर्भ हाच घेऊन बसलंय. डेटा सेंटर म्हणजे रांगेने कॉम्प्युटर आणि त्यापुढे बसलेली चष्मेवाली पोरं, असं चित्र असतं. खरं पाहिलं तर यंत्रं जेवढी वीज खातात ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती अष्टौप्रहर बाहेर काढावी लागते. त्यासाठी पाणी गार करणारे चिलर, पंप, पाण्याचे पाइप. वीज गेली तर डिझेल जनरेटर उचलेपर्यंतची मिनिटं बॅटऱ्या भरून काढतात. अपटाइम इन्स्टिट्यूट म्हणून संस्था आहे, ती दरवर्षी जगभरच्या डेटा सेंटरांच्या मोठ्या खोळंब्यांची कारणं तपासते; वीजपुरवठ्यातला बिघाड हे कारण वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर आहे. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या नासाच्या एसडीओ यानाचा डेटा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून शास्त्रज्ञांना पुरवला जातो. २६ नोव्हेंबर २०२४ ला तिथे थंड पाण्याचा चार इंची पाइप फुटला, यंत्रांच्या खोलीत पाणी शिरलं आणि तो पुरवठा कित्येक महिने विस्कळीत राहिला. यान वर ठणठणीत होतं, प्रोग्रॅमही ठणठणीत. घात केला प्लंबिंगने. दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ ला आग लागली, ती यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना. शेकडो सरकारी सेवा ठप्प झाल्या, आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा गेला, कारण त्याची दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती. लंडनमध्ये जुलै २०२२ मध्ये पारा चाळिशीवर गेला आणि गूगल, ओरॅकल यांच्या तिथल्या डेटा सेंटरांचं कूलिंग कोलमडलं. (चाळीस! आपल्याकडे मे महिन्यात चाळीस असलं की लोक म्हणतात आज बरं आहे.) आता सांगा, यांतला कोणता प्रसंग कोडिंग शिकलेल्या पोराच्या हातातला होता? इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला तिथे पाहुणा नाही, भाऊ. एसी-रेफ्रिजरेशनचा आयटीआय केलेलाही नाही.

अशा पत्राला उत्तर देताना डॉ. विजय भटकरांचं नाव घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचा मुलगा, नागपूरला इंजिनिअरिंग, आणि १९९१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला. अभिमानाची गोष्ट आहे. पण तुमच्या मुलाला ते उदाहरण लागू पडत नाही आणि मी ते त्याच्या डोक्यावर ठेवणार नाही. परम कुणी बांधला ते शाळेतली पोरंही सांगतात. त्या यंत्राला रात्री तीन वाजता वीज आणि गारवा कोण पुरवत होतं ते कुणाला ठाऊक नाही. तुमच्या मुलाची जागा त्या दुसऱ्या माणसांत आहे. तिथे नाव होत नाही. काम मात्र लागतंच, आणि ते येणारी माणसं शोधावी लागतात.

‘सारखं बंद असते’ याचं थोडक्यात. ठरवून, आधी कळवून बंद ठेवणं हा देखभालीचा भाग आहे. युरोपातली सर्न प्रयोगशाळा आपला सत्तावीस किलोमीटरचा कणत्वरक दर हिवाळ्यात मुद्दाम काही आठवडे बंद ठेवते. सुपरकॉम्प्युटरवर तारीख ठरली की लांबलचक कामं घेणं आधीच थांबवतात, चालू असलेली संपू देतात, मग हात घालतात. दिवाळीत शास्त्रज्ञ रजेवर, यंत्रांवर भार कमी, म्हणून तारीख तेव्हाची. मुलगा आला नाही याचं वाईट वाटणारच. पण पेरणीच्या तोंडावर बंद ठेवून कसं चालेल? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या ‘अर्का’ सुपरकॉम्प्युटरवर सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंतचा पावसाचा अंदाज काढणारी भारत फोरकास्ट सिस्टिम चालते. मे २०२५ पासून ती सेवेत आहे. तुम्ही मोबाइलवर पाऊस पाहून सरकी टोबायची की थांबायचं ते ठरवता, ते असल्याच एखाद्या खोलीतून येतं.

कंत्राटाची तुमची काळजी मात्र खरी आहे आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे. त्याला या गोष्टी विचारा. हातात नियुक्तीपत्र आहे का? दर महिन्याला पगाराची स्लिप मिळते का? पीएफचा यूएएन नंबर आहे का, आणि मोबाइलवर पाहिलं तर पैसे खरंच जमा दिसतात का? ईएसआयसीत, म्हणजे कामगार विम्यात, नाव आहे का? ठेका बदलला तर नवा ठेकेदार जुनीच माणसं ठेवतो की सगळे घरी? रात्रपाळी संपवून सकाळी त्यालाच परत उभं करतात का? बॅटरीच्या आणि पॅनलच्या कामाला इन्सुलेटेड हातमोजे, चेहऱ्याला शील्ड देतात का? यांत चार-पाच ‘नाही’ आले तर ती जागा सोडायची, पण क्षेत्र सोडायचं नाही. नवी मुंबईत ऐरोली, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरांची रांग लागली आहे. दोन वर्षांचा अनुभवाचा दाखला, विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना आणि लॉगबुक नीट इंग्रजीत लिहिता येणं, एवढ्यावर तिथे दार उघडतं. शिवाय संशोधन संस्था टेक्निशियन आणि टेक्निकल असिस्टंटच्या स्वतःच्या कायम जागा काढतात. त्या जाहिरातींवर त्याने नजर ठेवावी. ब्रेकरचा तो प्रसंग त्याने वेळेसकट लिहून ठेवला असेल तर मुलाखतीत सांगण्यासारखं त्याच्याकडे आजच काहीतरी आहे.

वीज कंपनीची भरती, कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षा, थेट द्वितीय वर्षाला इंजिनिअरिंग, हे रस्ते तुम्हालाही माहीत आहेत आणि त्यालाही. भरतीचा अभ्यास नोकरी करत होतो. त्यासाठी हातची नोकरी सोडून अमरावतीला खोली करून राहायची आणि तुम्ही दर महिन्याला मेसचे पैसे पाठवायचे, याला माझा साफ नकार आहे. अशी खोली धरलेली पोरं मी वर्षानुवर्षं पाहतोय. निम्म्यांना परत यायची लाज वाटते म्हणून ती तिथे आहेत.

आणि पाहुण्यांचं. शेतकऱ्याच्या घरात, त्यात कंत्राटी नोकरी, मुलगी द्यायला लोक बिचकतात, हे खोटं नाही. पण भाऊ, डिप्लोमा होऊन वर्ष झालेला मुलगा असेल किती वर्षांचा? बाविशीच्या आतबाहेर. मुलाच्या लग्नाला कायद्याने एकवीस पूर्ण लागतात, एकविसाव्या वर्षी उरकलंच पाहिजे असं त्यात लिहिलेलं नाही. चार वर्षं पाहुण्यांना चहा देणं बंद करा, साखरही वाचेल. ‘पोरगं काय करते’ असं विचारणाऱ्याला सांगा, पुण्याला शास्त्रज्ञांच्या मशिनींची लाइन सांभाळते. पुढचं त्याला कळलं नाही तर ते त्याचं.

राहिला फॉर्म. त्याच्या नावाने, त्याच्या सहीच्या जागी, त्याला न विचारता भरलात हे मला अजिबात आवडलं नाही. सांगून टाका. मात्र ओलितावरून रात्री दोनला फोन लावून नको : पंख्यांच्या घरघरीत रिंग ऐकू येत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी फोन आत नेऊच देत नाहीत. तो उचलत नाही तेव्हा तो तुम्हाला टाळत नसतो. या महिन्याच्या त्याच्या शिफ्ट लिहून घ्या, सुटीच्या दिवशी बोला. ब्रेकरचं काय झालं ते आधी विचारा, फॉर्मचं नंतर सांगा. लॉगइन आणि पासवर्ड ज्या सेंटरवाल्याकडे आहे त्याच्याकडून घेऊन मुलाला पाठवा. परीक्षा द्यायची की नाही ते त्याला ठरवू द्या. द्यायची झाली तर रजा त्यालाच मागावी लागेल, आणि तो आठवडा मेंटेनन्सचा निघाला तर ती मिळणारही नाही. त्याला काही विचारायचं असेल तर पुढचं पत्र त्याने लिहावं.