पॉलिश पेपर हातात घेण्याआधी

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. वर्कशॉपमध्ये एका जुन्या चित्रपटात वापरलेली गाडी आली आहे, मालकांना घाई आहे आणि सोमवारपासून तिचा रंग उतरवायला घ्यायचा आहे, असं तू लिहितेस. तुझा आनंद कळतो मला. अशी गाडी हाताखाली यावी म्हणून लोक आयुष्यभर वाट बघतात. पण तो रंग सोमवारी उतरवू नकोस. फोरमनशी बोल, हे पत्र त्यांना दाखवलंस तरी चालेल.

मी तुझ्याच वयाचा असताना आमच्याकडे अशीच एक गाडी आली होती. शूटिंगमध्ये वापरलेली आहे एवढंच मालकाने सांगितलं होतं, कागद काही नव्हते. पुढच्या सीटखालच्या पत्र्याला चार भोकं होती, प्रत्येकाच्या मागे एक जाडजूड नट वेल्ड केलेला. काम ओबडधोबड, घाईत केलेलं. मला वाटलं, कुण्या अडाण्याने पत्रा खराब करून ठेवलाय. मी नट कापले, भोकं वेल्डिंगने बुजवली, वर ग्राइंडर फिरवला, लांबी म्हणजे पुट्टी भरली, घासली. शेवटी डोळे मिटून बोट फिरवलं तरी भोक कुठे होतं ते लागत नव्हतं. त्या दिवशी मी फार खुशीत घरी गेलो. चार महिन्यांनी मालक एक जुना फोटो घेऊन आला. शूटिंगच्या वेळचा. गाडीत सीट नाही आणि नेमकं त्याच जागी कॅमेऱ्याचं स्टँड बोल्टने आवळलेलं. ही गाडी खरोखर ती गाडी आहे याचा जगातला एकमेव पुरावा ती चार भोकं होती, आणि ती मी माझ्या हाताने बुजवली होती. तो माणूस मला एक शब्द बोलला नाही. फोटो घडी करून खिशात ठेवला आणि गेला. तो खिसा मला अजून दिसतो.

म्हणून तुला 'बुलिट'च्या गाड्यांबद्दल सविस्तर सांगतो. १९६८चा चित्रपट, अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवरून हिरवी फोर्ड मस्टँग आणि काळी डॉज चार्जर एकमेकींच्या मागे लागतात तो दहा-अकरा मिनिटांचा पाठलाग तू नक्की पाहिला असशील. त्यासाठी दोन मस्टँग घेतल्या होत्या, दोन्ही १९६८च्या जीटी ३९०, रंग हायलंड ग्रीन. चासी क्रमांक लागोपाठचे, शेवटचे आकडे ५५८ आणि ५५९. ५५८ने उड्या मारल्या, मार खाल्ला. ५५९ जवळून दिसणाऱ्या दृश्यांसाठी होती.

५५९ पुढे विकली गेली आणि १९७४ साली मासिकातली जाहिरात वाचून न्यू जर्सीतल्या एका गृहस्थांनी ती ६,००० डॉलरला घेतली. काचेच्या कपाटात ठेवायला नव्हे, रोज वापरायला. त्यांची पत्नी शिक्षिका होती, ती याच गाडीने शाळेत जायची. १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली, पण त्यांनी दिली नाही. १९८०मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली. मग ती अनेक वर्षं जगाच्या नजरेआड होती. २०१८च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात त्या गृहस्थांच्या मुलाने ती सगळ्यांसमोर आणली, तोवर वडील वारले होते.

आता नीट ऐक. ती गाडी जगासमोर आली तेव्हा तिचा रंग उडालेला होता, पत्र्यावर गंजाचे डाग होते, आतलं कापड झिजलेलं होतं. त्या घरच्यांनी यंत्राचं काम करून घेतलं, गाडी चालती केली. रंगाला हात लावला नाही. दाराखालच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला कॅमेरा लावायचे ब्रॅकेट शूटिंगच्या वेळी वेल्ड केले होते, ते पन्नास वर्षांनीही जागच्या जागी होते. कुठल्याही डेंटिंगवाल्याने ते दहा मिनिटांत कापून टाकले असते, कारण कारखान्यातून आलेल्या मस्टँगला ते नसतातच. २०२०च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या किसिमी इथल्या लिलावात हीच गाडी कमिशन धरून ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. किमतीसाठी हे सांगत नाही. ते ब्रॅकेट पाहून माझ्या पोटात खड्डा पडला होता, म्हणून सांगतोय.

तिच्या जोडीदारणीची, ५५८ची गोष्ट तुझ्या जास्त कामाची आहे. ती भंगारात गेली असंच सगळे धरून चालले होते. २०१७ साली बातमी आली की ती मेक्सिकोच्या बाहा भागात सापडली. अंगावर पांढरा रंग, इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, नुसता सांगाडा. घेणाऱ्याला तर तिच्यापासून दुसऱ्याच एका चित्रपटातल्या मस्टँगची नक्कल बनवायची होती! काम पुढे गेलं असतं तर खरी गाडी खोट्या गाडीच्या पोटात कायमची गडप झाली असती. ती वाचली, कारण कुणीतरी कापाकापीच्या आधी चासी क्रमांक तपासला.

तो क्रमांक ८आर०२एस१२५५५८ असा आहे. मोठ्याने वाच आणि तोडून बघ. ८ म्हणजे १९६८. आर म्हणजे कॅलिफोर्नियातला सॅन होजेचा कारखाना. ०२ म्हणजे फास्टबॅक, छत मागे सरळ उतरत जाणारी बॉडी. एस म्हणजे ३९० घनइंचाचं जीटी इंजिन. उरलेला गाडीचा अनुक्रमांक. सांगाड्यात इंजिन नसलं तरी त्यात कुठलं इंजिन होतं हे पत्रा स्वतः सांगतो. मग फोर्डच्या १९६७पासूनच्या उत्पादन नोंदी ज्यांच्याकडे आहेत ते केव्हिन मार्टी स्वतः मेक्सिकोला गेले आणि गाडी तपासली. त्यांनीही केवळ क्रमांकावर भरवसा ठेवला नाही. शॉक अॅब्सॉर्बर बसतो तो भाग उड्यांसाठी मजबूत केलेला होता. दिव्यांना आणि शूटिंगच्या यंत्रांना वीज द्यायच्या तारा नेण्यासाठी डिकीत भोकं पाडलेली होती. क्रमांक आणि भोकं एकच गोष्ट सांगू लागली, तेव्हा ती ५५८ ठरली. पुन्हा भोकंच, पोरी.

मालकांना विचारायचा प्रश्न एकच आहे: गाडी कुठल्या तारखेला परत न्यायची? साध्या जुन्या गाडीला हा प्रश्न फारसा पडत नाही. ती कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी करायची, कॅटलॉग उघडायचा, भाग मागवायचे. चित्रपटातल्या गाडीला मात्र चार-पाच वाढदिवस असतात. कारखान्यातून निघाली तो, शूटिंगसाठी बदलली तो, कॅमेऱ्यासमोर धावली तो, नंतर कुणाच्या घरची झाली तो आणि सापडली तो. एकाला जवळ केलं की दुसरा पुसला जातो. 'बुलिट'च्या मस्टँगचंच बघ. चित्रपटासाठी तिच्या पुढच्या जाळीवरचा धावता घोडा, म्हणजे मस्टँगचं चिन्ह, काढून टाकला होता, फॉग लॅम्प काढले होते, नावाच्या पट्ट्या काढल्या होत्या. कॅटलॉग समोर ठेवून कुणी तिला 'पूर्ण' केलं असतं तर ती सुंदर मस्टँग झाली असती, आणि पडद्यावरची ती गाडी राहिली नसती.

'बॅक टू द फ्यूचर' या चित्रपटातल्या डीलोरियन गाडीचा वेगदर्शक याचं सगळ्यात नेमकं उदाहरण आहे. त्या काळच्या अमेरिकन नियमामुळे डीलोरियनच्या मूळ डायलवर ताशी ८५ मैलांपुढे आकडाच नव्हता. गोष्टीत काळात मागे-पुढे जायला गाडीला ८८ गाठायचे असतात, म्हणून चित्रपटासाठी ९५पर्यंतची डायल बनवली. आता समज, एखाद्या प्रामाणिक कारागिराने मेहनत करून कारखान्याची अस्सल डायल मिळवून तिथे बसवली. त्याचं काम निर्दोष, आणि गाडी कधीच ८८ दाखवणार नाही.

त्या डीलोरियनचं पुढे काय झालं तेही तुला माहीत हवं, नाहीतर म्हणशील की काका कशालाच हात लावू देत नाही. पहिल्या भागातली मुख्य गाडी, तिला ए कार म्हणतात, हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत अनेक वर्षं उघड्यावर उभी होती. ऊन लागलं, पाऊस लागला, बघायला येणाऱ्यांनी तुकडे उपटून नेले. शेवटी चित्रपटाचे सहलेखक बॉब गेल यांच्या साथीने चाहत्यांच्या एका तुकडीने सुमारे वर्षभर खपून ती उभी केली. २०१३ साली काम पूर्ण झालं, पुढे ती लॉस एंजेलिसच्या पीटरसन मोटार संग्रहालयात गेली. या लोकांनी पुष्कळ भाग नवे बसवले, आणि ते मला शंभर टक्के पटतं. कारण तिच्या अंगावरचे पुरावे चोरांनी आणि हवामानाने आधीच नेले होते, पण तेच पुरावे दुसरीकडे शाबूत होते: चित्रपटाच्या चौकटींमध्ये, म्हणजे एकेका फ्रेममध्ये, सेटवरच्या फोटोंमध्ये, आणि मूळ बनवणाऱ्यांनी ज्या वस्तू वापरल्या होत्या त्याच मॉडेलच्या जुन्या वस्तूंमध्ये. चित्रपटात त्या गाडीवर बसवलेलं, कचऱ्यावर चालणारं मिस्टर फ्यूजन यंत्र मुळात क्रुप्स कंपनीचं कॉफी दळायचं यंत्र होतं. तसंच दिसणारं काहीतरी घडवणं सोपं. पण तेच मॉडेल शोधून आणायचं, त्यासाठी महिनोन्‌महिने वाट बघायची, याला मी चित्रपटाच्या गाडीचं काम म्हणतो.

आणि तिचा पत्रा! डीलोरियनला रंग नसतो. उघडं स्टेनलेस स्टील, त्यावर घासल्याच्या बारीक सरळ रेघा. तिथे लांबी भरून पोचा लपवता येत नाही, आणि एकदा जरी हात गोल फिरला तरी सूर्यप्रकाशात तो डाग ओरडून सांगतो. रेघांच्या दिशेनेच, एकाच अंगाने घासावं लागतं. जमल्यास स्टेनलेसच्या एखाद्या जुन्या तुकड्यावर सराव करून बघ. हाताला शिस्त लागते.

याच्या उलट एक गाडी आठवली की मला हुरहूर लागते. 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' या मालिकेतली पहिली जनरल ली. १९६९ची नारिंगी डॉज चार्जर, ११ नोव्हेंबर १९७८ रोजी जॉर्जिया राज्यातल्या ऑक्सफर्ड कॉलेजच्या आवारात तिने पोलिसांच्या गाडीवरून उडी घेतली. ती एकच उडी, मालिकेची ओळख झालेली. उतरताना गाडी मोडली. पुढे ती भंगारातून शोधून काढली, दुरुस्त केली, पुन्हा चकचकीत नारिंगी केली. शोधणाऱ्यांनी ती वाचवली, याबद्दल त्यांचे उपकारच आहेत. पण त्या गाडीची सगळी कीर्ती ज्या क्षणाची होती तो क्षण तिच्या वाकलेल्या पत्र्यात होता. माझ्याकडे आली असती तर मी गंज थांबवला असता आणि ती तशीच, मोडलेली, उभी ठेवली असती. फोरमनचं मत वेगळं असू शकेल. त्यांच्याशी यावर भांड, पण आधी बोल.

कधीकधी 'चालू करा' ही मागणीच चुकीची असते. १९७७च्या बाँडपटात पाण्याखाली जाणारी पांढरी लोटस एस्प्रिट १९८९मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या एका बंद गोदामखोलीत सापडली. खोलीत काय आहे हे न बघताच ती लिलावात घेतलेली होती. ती कधी रस्त्यावर धावणारी गाडी नव्हतीच. फ्लोरिडात बनवलेली छोटी पाणबुडी होती ती, आत पाणी भरायचं आणि चालवणारा पाणबुड्याच्या वेशात बसायचा. तिच्यात कुणी इंजिन बसवून रस्त्यावर आणली असती तर ते तिचं पुनरुज्जीवन झालं नसतं.

तुमच्या गाडीकडे येतो. पहिल्या आठवड्यात पाना हातात घ्यायचाच नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. चासी क्रमांक जिथे जिथे पंच केला आहे तिथला प्रत्येक टिपून घे, आकड्यांभोवतीचा पत्रा कापून जोडलाय का ते भिंगाने बघ. मग चित्रपट लाव आणि गाडी दिसते ती प्रत्येक चौकट थांबवून शेजारी गाडीचा फोटो ठेव. आरशाची जागा, दाराच्या फटीची रुंदी, एखादा वाकडा स्क्रू, सीटची शिवण. एकापेक्षा जास्त गाड्या वापरल्या असतील तर दोन दृश्यांत या खुणा जुळणार नाहीत. घाबरू नकोस, त्यातूनच तुमची गाडी त्यातली कुठली ते कळेल.

रंगाचे थर बघायचे असतील तर बिजागरीच्या आत, जिथे नजर जात नाही, अशा जागी नखाएवढा भाग पाण्याच्या बारीक पेपरने हलके उतरव. कांद्याच्या पाकळीसारखे थर उलगडतील. शूटिंगचा रंग कुठला ते तिथे कळेल, आणि त्या थरावर पुढे काहीही चढवायचं झालं तरी हा नखाएवढा तुकडा उघडाच ठेवायचा.

ब्रेक, इंधनाची नळी, टायर, वायरिंग यांत भावनेला जागा नाही. गाडी हलणार असेल तर ते नवं आणि चोख हवं. पण काढलेला प्रत्येक भाग, सडका असला तरी, पिशवीत घालून त्यावर तारीख आणि जागा लिही. मालक म्हणतील फेकून द्या. तेव्हा त्यांना माझ्या चार भोकांची गोष्ट सांग. पत्रा पोकळ करणारा गंज लागला असेल तर तो थांबवायलाच हवा, पण कापायच्या आधी फोटो, कापताना फोटो आणि कापलेला तुकडाही पिशवीत.

पहिले फोटो मला पाठव. वरून काढलेले, चकचकीत नकोत. गाडी जॅकस्टँडवर नीट घे, खाली झोप, टॉर्च पत्र्याला चिकटवून आडवा धर म्हणजे प्रत्येक वेल्डची सावली पडेल. आणि पुढच्या सीटखालचा पत्रा आधी बघ.

तुझा,
काका