मुलगी मराठी बायबल उघडतच नाही, मग काय वाचायला द्यायचं?

एका ताईंचं पत्र आलंय, लांब आहे म्हणून थोडक्यात देते. "बाहेर येऊन नऊ वर्षं झाली. मुलगी १३ ची, मुलगा ८ चा. इथली मंडळी, म्हणजे आमचं चर्च, चांगली आहे पण मराठी नाही. मुलीला वाढदिवसाला मराठी बायबल दिलं, ते कपाटात तसंच आहे. सासूबाई दर फोनला विचारतात, वाचते का गं ती. मिस्टरांनी बायबलवरच्या भाष्याचा जाडजूड सेट बघून ठेवलाय, सवलत आहे, घेऊन टाकू म्हणतात. आणि खरं सांगू, मला स्वतःलाच काहीतरी वाचायचंय, पण प्रवचन नको. कुठून सुरुवात करू?"

ताई, आधी मुलीची बाजू घेते, राग मानू नका. तुम्ही तिला एक पुस्तक दिलंत आणि त्या एका पुस्तकावर दोन कामं टाकलीत, तिची मराठीही त्यानेच टिकवायची आणि विश्वासही त्यानेच. पोरगी दिवसभर शाळेत दुसऱ्या भाषेत विचार करते, मराठी बोलते छान पण वाचते अक्षर अक्षर जोडून, त्यात पुढ्यात येतं "तुम्हांस" आणि "त्यांस", वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. चार दिवसांनी तिला वाटायला लागतं की देवच कंटाळवाणा आहे. देव कुठला, जोडाक्षरं आहेत ती!

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, माझ्याच घरात झालंय. माझ्या आईचं बायबल, समासात तिच्या हातच्या खुणा असलेलं, मी मुलाला तो १२ वर्षांचा असताना दिलं आणि रोज एक अध्याय असा नियम लावला. तीन आठवडे त्याने वाचलं, म्हणजे वाचल्यासारखं केलं, आणि मला पुढची दोन वर्षं त्याला कुठलंही ख्रिस्ती पुस्तक दाखवायची सोय राहिली नाही.

बायबलची मराठी जड जाते ही तक्रार काही बाहेर राहणाऱ्यांचीच नाही बरं का. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं बायबलच्या भाषांतराला दिली ती साध्या बायकांना कळेल अशी मराठी हवी म्हणूनच, त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि छपाईचं काम त्यांच्याच मुक्ती मिशन या संस्थेतल्या बायकामुलींनी केलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. म्हणजे महाराष्ट्रात राहून मराठीच बोलणाऱ्या बायकांना जे जड जात होतं ते तुमच्या लेकीला दुसऱ्या देशात बसून सोपं जाईल असं आपण का धरून चालतो?

तर ही दोन कामं वेगळी करा. विश्वासाचं वाचन ती ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत होऊ दे. मराठी कानाने जाऊ दे. घरी उपासना संगीत हे आपलं गीतांचं पुस्तक असेल तर त्यातलं एकच गाणं आठवड्याला घ्या, ना. वा. टिळकांची गाणी तर मुद्दाम घ्या कारण त्यात अभंगाची चाल आहे, ती मुलांच्या तोंडात लवकर बसते, अर्थ मागून आला तरी चालतो. सासूबाईंनाही कामाला लावा, फोनवर "वाचते का" असं विचारण्याऐवजी त्यांनी रोज चार ओळी वाचून व्हॉइस मेसेज पाठवावा. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे आजीच्या आवाजात ऐकलेलं पोर विसरत नाही. मराठी बायबल आता फोनवर फुकट मिळतं, ऐकायचीही सोय आहे, पण मला विचाराल तर आजीचा आवाजच बरा, मधे खोकला आला तरी.

आता इंग्रजी बायबल घ्यायचं तर कुठलं? इथे लोक हमखास फसतात, कारण दुकानात सगळ्यात देखणं चामडी बांधणीचं दिसतं ते बहुतेक वेळा किंग जेम्स नावाचं भाषांतर असतं. ते १६११ चं आहे. इंग्रजी सुंदर, यात वाद नाही, पण येशू मुलांना माझ्याकडे येऊ द्या म्हणतो तिथे त्यात "सफर द लिटल चिल्ड्रन" असं आहे, आणि तेव्हा त्या सफरचा अर्थ येऊ द्या असा होता हे १३ वर्षांच्या मुलीला कोण सांगणार, तिला वाटतं मुलांना त्रास द्या म्हणतोय की काय. रोजच्या वाचनाला तिच्यासाठी न्यू इंटरनॅशनल व्हर्जन किंवा गुड न्यूज हे भाषांतर ठीक आहे. आठ वर्षांच्या मुलाला न्यू इंटरनॅशनल रीडर्स व्हर्जन द्या, त्यातली वाक्यं मुद्दाम लहान ठेवलीयत. आणि मंडळीत जे वाचलं जातं तेच घरी असेल तर सगळ्यात सोपं, रविवारी ऐकलेलं घरी सापडतं.

विकत घ्यायच्या आधी एक गोष्ट मात्र बघा, तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये की तुम्ही कॅथलिक की प्रोटेस्टंट. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंटमध्ये ६६, नवा करार दोन्हीकडे तोच २७ पुस्तकांचा, फरक सगळा जुन्या करारात. तोबीत, मक्काबी वगैरे पुस्तकं नसलेलं बायबल कॅथलिक घरात आलं की पोरांचा संडे स्कूलमध्ये गोंधळ उडतो. कॅथलिक पुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर बऱ्याचदा इम्प्रिमाटुर असा शब्द छापलेला असतो, म्हणजे बिशपांनी छापायला परवानगी दिलीय. तो नसला म्हणजे पुस्तक वाईट असं मुळीच नाही, पण असला की पुस्तक कुठल्या घरातलं आहे ते कळतं.

सुरुवात उत्पत्तीपासून करू नका. सगळे करतात, निर्गमापर्यंत मजेत जातात आणि लेवीयमध्ये यज्ञांच्या नियमांत अडकून पुस्तक मिटतात. मार्कचं शुभवर्तमान घ्या, येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार पुस्तकांतलं सगळ्यात छोटं, १६ अध्याय, आणि त्यातला येशू सारखा कुठेतरी निघालेला असतो, मुलांना तो वेग आवडतो. योना आणि रूथ ही पुस्तकं चार चार अध्यायांची. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, म्हणजे तारखेप्रमाणे रोज एक, मुलीला ही आयडिया आवडेल कारण बरीच नीतिसूत्रं आईबापांनाही लागू पडतात.

अभ्यासाची पुस्तकं वेगळी आणि ती भक्तीच्या वेळी उघडायची नाहीत, हे मी जरा जोरात सांगते. स्टडी बायबल म्हणजे वर वचन आणि खाली टीपा, टीपा इतक्या की काही पानांवर वचन चार ओळी आणि बाकी सगळं खालचं. टीपा कोणीतरी लिहिलेल्या असतात, त्या कोणाचा तरी दृष्टिकोन असतात, मुलं मात्र एकाच पानावर छापलंय म्हणून दोन्ही सारखंच पवित्र समजतात, मोठी माणसंही समजतात. म्हणून घ्यायच्या आधी तुमची आणि त्या मंडळीची मतं जिथे वेगळी असू शकतात असा एखादा भाग काढा, बाप्तिस्म्याचा, नाहीतर प्रभुभोजनाचा, नाहीतर प्रकटीकरणाचा कुठलाही, आणि टीप काय म्हणते ते वाचा. पाच मिनिटांत पुस्तकाचा स्वभाव कळतो. नुसतं माझंच म्हणणं खरं असं असेल तर परत ठेवा, काहींना असं वाटतं काहींना तसं असं लिहिलं असेल तर घ्या. घरात एक बायबल शब्दकोश आणि एक नकाशांचं पुस्तक असलं तरी अभ्यासाचं निम्मं काम होतं, नकाशे तर मुलगा नुसते बघत बसेल, बसू दे.

भक्तीची छोटी पुस्तकं, रोज एक पान छापाची, त्यांच्याबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. काही फार चांगली आहेत. पण पुष्कळांत वर एक वचन, तेही अर्धं, आणि खाली लेखकाच्या कुत्र्याची गोष्ट. चाचणी सोपी आहे, मधलं कुठलंही पान उघडा, ते वचन बायबलमध्ये काढून मागचे पुढचे दहा श्लोक वाचा, लेखक म्हणतो ते तिथे आहे का बघा. तीन पानांपैकी दोनदा नसेल तर सोडून द्या. विश्वास ठेवलात की पैसा येईल, आजार पळतील असं सांगणारी आणि जगाचा शेवट अमुक वर्षी म्हणून हिशेब मांडणारी पुस्तकं घरात आणूच नका, दिवस आणि घटका कोणालाच ठाऊक नाही हे मार्कच्या १३ व्या अध्यायात येशू स्वतः सांगतो, मग लेखकाला कोणी कळवलं?

मजेसाठीच्या वाचनाकडे येते, कारण तुमच्या घरात सुरुवात इथूनच व्हावी असं मला वाटतं. मुलाला सी. एस. लुईसची नार्निया नावाच्या जादूच्या देशाची गोष्ट रात्री मोठ्याने वाचून दाखवा. सात पुस्तकं आहेत, १९५० ते १९५६ मध्ये आलेली, पण आजकालच्या सेटवर नंबर गोष्टीतल्या काळाप्रमाणे टाकलेले असतात म्हणून एक नंबरवर जादूगाराच्या पुतण्याची गोष्ट दिसते, जी लेखकाने खूप नंतर लिहिली. नंबर विसरा, सिंह, चेटकीण आणि कपाटाच्या गोष्टीपासून सुरू करा, पहिलं तेच आलं होतं आणि बर्फातला तो दिवा पहिल्यांदा तिथेच भेटायला हवा. आणि कृपा करून मधेच थांबून "बघ हं, हा सिंह म्हणजे येशू" असं करू नका. मी केलं होतं, मुलगा म्हणाला आई, वाच ना पुढे.

मुलीला कोरी टेन बूमच्या आठवणींचं पुस्तक द्या, द हायडिंग प्लेस, १९७१ चं. हॉलंडमधलं घड्याळवाल्यांचं ख्रिस्ती घर, दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना लपवतं, १९४४ मध्ये पकडलं जातं, कोरी आणि बेट्सी या दोघी बहिणी रावेन्सब्रुकच्या छळछावणीत पोचतात आणि त्यातली बेट्सी परत येत नाही. जड आहे, आधी तुम्ही वाचा आणि तुमची मुलगी कशी आहे तुम्हालाच माहीत. त्यात एक जागा आहे, बराकीत पिसवा झालेल्या असतात आणि बेट्सी म्हणते पिसवांबद्दलही देवाचे आभार मानू, कोरीला ते पटत नाही, मग पुढे कळतं की पिसवांच्या भीतीने पहारेकरी आत येत नाहीत म्हणूनच ह्यांना लपवलेलं बायबल वाचता येतंय. विश्वासावर प्रश्न विचारायच्या वयात मुलांना शंका घेणारी कोरी जास्त आवडते असा माझा अनुभव आहे, आणि ते चांगलंच आहे.

राहिलात तुम्ही. प्रवचन नको म्हणालात, मग लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे. शाळेत एखादा धडा वाचला असेल, तो विसरा आणि आता वाचा. १८९५ मध्ये त्यांचे पती ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंची मात्र तेव्हा तयारी नव्हती, काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, आणि हे सगळं त्या सांगतात ते कुठेही डोळ्यांना पदर न लावता, हसवत हसवत. जिथे नवराबायकोपैकी एकच ख्रिस्ती आहे अशा घरांतूनही मला पत्रं येतात, त्यांनाही मी हेच सुचवते, कारण त्यात कोणालाच दोषी ठरवलेलं नाही. आणि भाषा अशी की मोठ्याने वाचलीत तर मुलगी पलीकडच्या खोलीतून हसेल, तिला मराठी अशीच मिळू दे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबलही एकदा चाळून बघा, नाव तसंच आहे आतून, तुम्हाला स्वतःला नवा करार परत नव्याने वाचायचा असेल तर.

ज्यांना मराठीचीच गोडी आहे त्यांच्यासाठी ख्रिस्तपुराण आहे, १६१६ चं, थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे एका कॅथलिक संघातल्या धर्मगुरूने, लिहिलेलं, जवळपास ११ हजार ओव्या. सगळं वाचा असं सांगणारी मी कोण, मी पण वाचलं नाहीये सगळं. पण "जैसी हरळांमाजी रत्नकिळा" ही मराठीच्या कौतुकाची ओवी ज्या माणसाने लिहिली तो परक्या देशातून आला होता आणि मराठी मोठेपणी शिकला होता, हे मुलीला एकदा गप्पांमध्ये सांगून टाका. बाकी काही बोलू नका.

जुनी पुस्तकं ऑनलाइन मागवताना एक बघा. ज्यांचा कॉपीराइट संपलाय ती कोणीही छापतं, स्कॅन करून, मशीनने अक्षरं ओळखून, तपासल्याशिवाय. मी जुन्या प्रार्थनांचं एक पुस्तक मागवलं त्यात ४० पानं दोनदा होती आणि शेवट नव्हताच. आतली पानं दिसत नसतील तर घेऊ नका, आधी लायब्ररीत शोधा, नसेल तर त्यांना मागवायला सांगा, बऱ्याच लायब्रऱ्या मागवून देतात.

आणि मिस्टरांचा तो सेट. सवलत परत येईल, येतेच. त्यांना म्हणावं त्यातला एकच खंड घ्या, मार्कचा, आणि मुलगी मार्क वाचत असेल तेव्हा तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात शोधून द्या. १६ अध्याय होईपर्यंत तो खंड खरंच उघडला गेला तर दुसरा मागवा. कपाटातलं मराठी बायबल तिथेच राहू दे, फक्त खालच्या कप्प्यात ठेवा, हाताला येईल असं.