शेततळ्यात उन्हाळा साठवता येईल का?

प्रश्न : सर, माझं प्लास्टिक अस्तराचं शेततळं आहे, 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल. शेजारीच कोंबड्यांचं शेड. डिसेंबरात हजार पिलांची बॅच आली की कोळशाच्या शेगड्या रात्रभर पेटत्या ठेवाव्या लागतात. डेन्मार्कमध्ये उन्हाळ्यात तापवलेलं पाणी तळ्यात साठवून हिवाळ्यात त्यावर घरं उबदार ठेवतात, असं वाचलं. आमच्याकडे तर मे महिन्यात 45 अंश तापतं. मग माझ्या तळ्यात हे का जमू नये?
– एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : दादा, तुम्ही वाचलं ते खरं आहे. डेन्मार्कमधल्या व्होयेन्स गावी असं 2 लाख घनमीटरचं तळं आहे. उन्हाळ्यात सौर पॅनलवर तापलेलं पाणी त्यात भरतात आणि थंडीत तीच उष्णता जमिनीखालच्या नळांतून घरोघर जाते. तळ्याला अस्तर आहे, तसं वरून उष्णतारोधक तरंगतं झाकणही आहे. सगळी मदार त्या झाकणावर!

तुमचं तळं उघडं. एक लिटर पाण्याची वाफ झाली की उरलेल्या शंभर लिटरची जवळजवळ 6 अंश उष्णता ती घेऊन जाते. म्हणून मे महिन्यातही तळ्याचं पाणी फारसं तापत नाही. झाकण घातलं तरी आकार आडवा येतो. काठाचा उतार धरला तर तुमच्या तळ्यात साधारण 20 लाख लिटर पाणी मावतं. व्होयेन्सचं तळं त्याच्या शंभरपट. त्याच घडणीचं तळं शंभरपट मोठं केलं तर उष्णता गळायची जागा साडेएकवीसपटच वाढते, म्हणजे लिटरमागे गळती पाचपट कमी. शिवाय तिथल्यासारखं 80-90 अंशांचं पाणी शेततळ्याची साधी पन्नी फार काळ सोसणार नाही, आणि तसलं तळं लेकराबाळांच्या, गुराढोरांच्या जिवाला धोका.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. डेन्मार्कला डिसेंबरात ऊन जवळपास नसतंच, म्हणून त्यांना सहा महिने उष्णता धरून ठेवावी लागते. आपल्याकडे डिसेंबरात बहुतेक दिवस लख्ख ऊन असतं. तुम्हाला फक्त एक रात्र काढायची आहे.

माझ्या भावाचं शेड आहे कळंब तालुक्यात. पहाटे चारला शेगडी विझत आली की पिलं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. सकाळी ती उचलताना हात जड होतो. शेगडी चांगली पेटली तर धूर शेडात कोंडतो, तोही पिलांना वाईटच.

म्हणून सौर बंबाचा विचार करा. 1000 लिटरची टाकी 65 अंशांपर्यंत तापवली आणि रात्रभरात 40 वर आणली, तर सुमारे 29 युनिट उष्णता मिळते. त्यासाठी 2 चौरस मीटरची सात-आठ पॅनल लागतील. हे गरम पाणी लहान पंपानं ब्रूडरच्या, म्हणजे पिलांना ऊब देण्याच्या जागेच्या, घेराभोवतीच्या नळांतून फिरवा. टाकीला ग्लासवूल (काचतंतूंचं उष्णतारोधक आवरण) आणि वरून पत्रा हवाच. नुसतं गोणपाट दवानं ओलं झालं की उष्णता सोडतं. खर्च वाचवायचा तर पॅनलमध्ये वाचवा, टाकीच्या आवरणात नको.

ढगाळ दिवसांसाठी एक शेगडी राहू द्या. पहिल्या आठवड्यात पिलांना 33 अंशांच्या आसपास ऊब लागते; थर्मामीटर पिलांच्या पाठीच्या उंचीवर टांगा. आणि पहिलीच बॅच पूर्ण बंबावर सोपवू नका. शेडच्या एका भागात नळ टाका, तिथली पिलं रात्री कशी पसरून बसतात ते बघा, मग पुढचं ठरवा.