मूळ पत्रं जमा करू नका: १९७२ च्या युद्धकैदी पत्रांबद्दल

भाऊ, तुमची पोस्ट रात्री वाचली, सकाळी उठून परत वाचली. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत पाकिस्तानातल्या लायलपूरच्या (आताचं फैसलाबाद) युद्धकैदी कॅम्पातून आलेली पत्रं सापडली, आजींच्या पेन्शनच्या कागदात नावाचा घोळ आहे आणि कार्यालयातले साहेब म्हणतात, "ओरिजिनल आणून जमा करा." हुबेहूब आमच्या घरची गोष्ट. म्हणून जरा लांब लिहितो.

जमा करू नका. दाखवा, झेरॉक्स साक्षांकित करून द्या, पण पत्र आणि पाकीट तुमच्या हातातून सुटू देऊ नका. मी सोडलं होतं.

माझे मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, १९७१ च्या भारत-पाक युद्धात पश्चिम सीमेवर होते. डिसेंबर १९७१ मध्ये 'बेपत्ता' अशी तार आली. दारव्हा तालुक्यातलं आमचं खेडं, तार वाचणारा माणूस गावात एकच, शाळेचे गुरुजी. मोठ्या आईने, म्हणजे काकूने, कुंकू पुसायचं नाकारलं आणि त्यावरून घरात बरंच काही झालं, ते इथे लिहीत नाही. फेब्रुवारीत पहिलं कार्ड आलं. छापील मजकूर, मधल्या रिकाम्या जागा भरलेल्या, खाली मोठ्या बाबांची सही. पकडलेला सैनिक कॅम्पात पोचल्यापासून आठवडाभरात त्याला असं कार्ड घरी पाठवू द्यायचं, असं १९४९ च्या जिनिव्हा करारात लिहिलेलं आहे. महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहिण्याचा हक्कही त्याच करारात आहे, आणि या डाकेला तिकीट लागत नाही. तेव्हा पाकिटावर तिकीट नाही म्हणून कोणी साहेब शंका काढत असतील, तर हे त्यांना सांगा. मला हे माहीत नव्हतं. मी टेबलासमोर खाली मान घालून उभा राहिलो.

आता माझी चूक. मोठे बाबा गेल्यानंतर फॅमिली पेन्शनच्या वेळी कळलं की पलटणीच्या कागदात मोठ्या आईचं माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. कॅम्पातून आलेल्या अकरा पाकिटांवर मोठ्या बाबांच्या हाताने तिचं सासरचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, आणि मागच्या बाजूला त्यांचा नंबर, रँक, नाव, कॅम्प. दोघांचं नातं सांगणारा याहून पक्का कागद नव्हता. जिल्ह्याच्या एका कार्यालयाने (नाव लिहीत नाही, आता तिथे माणसंही वेगळी आहेत) पडताळणीसाठी मूळ मागितली. मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळा गठ्ठा देऊन आलो. पोच घेतली नाही. "शिक्का मारून पोच द्या" एवढं म्हणायला तोंड उघडलं नाही.

तीन वर्षं चकरा मारल्या. एसटीने जायचं, दुपारी 'साहेब मीटिंगला आहेत' ऐकायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. शेवटी फाइल परत मिळाली तेव्हा पत्रांना डाव्या बाजूने पंच मारून दोरी ओवलेली होती. एका पत्रात भोक नेमकं तारखेवर. आणि पाकिटं नव्हती. "पाकीट कशाला लागते, मजकूर तर आहे ना," असं मला सांगण्यात आलं. घरी आलो तर मोठी आई दारातच बसली होती. म्हणाली, "थो माह्या नावाचा कागद होता. कोठी ठेवला तुनं?" तिला वाचता येत नव्हतं, पण पाकिटावरचं आपलं नाव कुठे आहे ते ती बोटाने दाखवायची.

लोक मजकुराला जपतात आणि पाकीट टाकून देतात. युद्धकैद्याच्या पत्रात हे उलटं आहे. आत 'मी ठीक आहे, काळजी करू नका' याच्यापुढे फार लिहू देत नसत. नंबर, कॅम्प, तारखेचा शिक्का, पाठवणाऱ्या देशाच्या सेन्सॉरचा शिक्का, घेणाऱ्या देशाचा शिक्का, हे सगळं बाहेर. कधी पकडले, कुठे ठेवले, पत्र किती दिवस अडकलं, ते तिथून कळतं.

आणि ही फक्त कागदाची हौस नाही. मेजर अशोक सुरी यांना १९७१ मध्ये मृत धरलं होतं. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांच्या वडिलांना त्यांची चिठ्ठी मिळाली. वडिलांनी ती धरून ठेवली, हस्ताक्षर तपासून घेतलं आणि सरकारी नोंद 'मृत'ची 'बेपत्ता' झाली. एका चिठ्ठीने झालं हे. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं नाव तर पकडलेल्या वैमानिकांमध्ये पाकिस्तानच्याच एका वर्तमानपत्रात छापून आलं होतं, पण ते परत आले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, त्यांनी आयुष्यभर शोध घेतला. तुमच्या-आमच्या घरी पत्रं आली आणि माणूस १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून परत आला, हे मी रोज आठवतो.

मोठे बाबा सांगायचे की वैमानिकांना आधी रावळपिंडीत वेगळं ठेवलं होतं. ऑगस्ट १९७२ मध्ये दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी भिंत फोडून पळाले, पार अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोचले आणि तिथे पकडले गेले. त्यानंतर वैमानिकांना लायलपूरला आणलं. आजोबांच्या पत्रांत ऑगस्टनंतर 'नवीन साहेब लोक आले' अशासारखं काही असेल, तर ते याबद्दल असू शकतं. माझा अंदाज आहे, खात्री धरू नका.

पत्र हिंदीत आहे म्हणून ते आजोबांचं नसेल, असा संशय कोणी काढला असेल तर तोही सोडा. मराठी पत्र तपासणारा तिकडे मिळत नाही आणि पत्र पडून राहतं, म्हणून आमच्याकडे दोन्ही बाजूंनी हिंदीत लिहायचे. मोठी आई वऱ्हाडीत बोलायची, गुरुजी हिंदी करायचे. तरी मोठ्या बाबांच्या एका पत्रात मधेच आहे, 'धुरे की बाभूळ किसी को तोडने मत देना.' धुऱ्याला (शेताच्या बांधाला) हिंदीत काय म्हणतात ते त्यांना सुचलं नसावं. त्याच्या पुढची दीड ओळ काळी केलेली. तिथे टॉर्च अगदी आडवा, कागदाला टेकवून धरा. बॉलपेनने लिहिलं असेल तर दाब दिसतो. आम्हाला 'पऱ्हाटी' (कपाशी) एवढा एक शब्द लागला. शाई खरवडू नका, कसलं लिक्विडही लावू नका.

लॅमिनेशनचं विचारलंय, त्याला साफ नाही. सेलोटेपही नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात तो डिंक वितळतो आणि कागद पिवळा पडून चिकटतो. धुतलेल्या जुन्या सुती धोतरात गुंडाळा, पेटी जमिनीला टेकवू नका, खाली विटा द्या, उधई (वाळवी) खालूनच येते. आणि आजच, म्हणजे खरंच आजच, प्रत्येक पत्राचे आणि पाकिटाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. सकाळच्या उजेडात, सावलीत, फ्लॅश बंद करून.

आमचं काम शेवटी कशाने झालं, तर एका फोटोने. पुतण्याने दिवाळीच्या साफसफाईत गंमत म्हणून एका पाकिटाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता. त्याचा प्रिंट, प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला जोडून मी जिल्ह्याला न जाता थेट पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. महार रेजिमेंटचं ते मध्य प्रदेशात सागरला आहे, तुमच्या आजोबांची पलटण वेगळी असेल तर पत्ता वेगळा. अर्जाच्या पहिल्याच ओळीत सर्व्हिस नंबर घाला, त्याशिवाय फाइल सापडत नाही. नंबर पाकिटाच्या मागे असेलच. मी वकील नाही, नियम बदलले असतील, एखाद्या माजी सैनिक संघटनेच्या माणसाला अर्ज दाखवूनच पाठवा. पण जिल्ह्यातल्या टेबलावर अडकलेलं काम नोंद ठेवणाऱ्यांकडूनच सुटतं, हे माझं पक्कं मत झालंय.

आणि एक बघून सांगा. पेटीत आजींनी पाठवलेली पत्रंही आहेत का? मोठ्या बाबांनी परत येताना मोठ्या आईची सात पत्रं खिशातून आणली होती. त्या सातही पत्रांच्या खाली तिचा अंगठा आहे, कारण आपल्या तिसऱ्या पत्रात मोठ्या बाबांनी गुरुजींना लिहिलं होतं की अक्षर तुमचं आहे, तिचं काहीतरी पाठवा. ही मागणी येण्याआधी पाठवलेली दोन पत्रंही तिने मोठे बाबा परत आल्यावर काढून घेतली आणि त्यांच्यासमोर बसून त्यांवर अंगठा उठवला.